हौसाबाईच्या तळ्यातला मसाला

मासे शिंकत असत, त्या काळची ही गोष्ट. हौसाबाईच्या मासे पाळायच्या तळ्यावर एक बेडूक पहारा करायचा. एका सकाळी तो ओरडला, "शेजारच्या वांग्यांवर औषध मारलंय! पाटाच्या पाण्यातून इकडेच येतंय!"

"औषध? तेही फुकट?" म्हणत सगळ्या माशांनी आ वासला आणि पोटभर गिळलं.

लवकरच तळं शिंकांनी उसळू लागलं. कुणाच्या अंगावर फोड आले, कुणी पोहता पोहता उताणं झालं. हौसाबाईने घाबरून पाटाचं तोंड बुजवलं आणि माशांच्या खाद्यात हळद आणि ठेचलेला लसूण कालवून टाकला.

वास येताच रोहू किंचाळला, "पळा! बाई आपल्याला जिवंतपणीच मसाला लावतेय!" सगळे उपाशी बसले. खादाड कटलाकाकू मात्र म्हणाली, "मरायचंच आहे, तर चवीनं मरू की!" आणि तिने एकटीने सगळं फस्त केलं.

हळूहळू काकूची शिंक थांबली, फोड गेले आणि ती तळंभर मिरवू लागली. ते बघून बाकीचेही मुकाट्याने जेवायला आले.

पुढे एकदा बेडूक पुन्हा ओरडला, "औषध मारलंय हो, औषध!" सगळे मासे तळाशी जाऊन दडले आणि तिथून एका सुरात ओरडले, "हौसाबाई, औषध नको! मसाला टाका!"