चंपाषष्ठीचा बाजार

बोरसांगवी हे नदीकाठचं लहानसं गाव. गावाच्या वरच्या अंगाला खंडोबाचं देऊळ आणि देवळाला लागून एक मठी होती. त्या मठीत कोंडोबा महाराज राहत असत. महाराज फार बोलत नसत. आल्यागेल्याला बसायला घोंगडं टाकावं, पाणी द्यावं, जेवलास का म्हणून विचारावं, हाच त्यांचा उपदेश. महाराजांची ही एक कथा भाविकांनी शांतपणे ऐकावी.

चंपाषष्ठीला मठीत गावजेवण होत असे. त्याचा बाजारहाट त्रिंबकराव कारभारी करीत. कामाला हुशार, पण आपल्यावाचून गावाचं पान हलत नाही अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या हाती बाजार गेल्यापासून भरीत-रोडगा मागे पडून बुंदी आणि पुरी आली होती. पहिल्या पंगतीला मानकरी बसत आणि त्यांना आग्रहावर आग्रह होई. शेवटच्या पंगतीला धनगरवाड्यावरची आणि मजुरी करणारी माणसं बसत. तोवर बुंदी संपलेली असे आणि त्यांच्या पानावर नुसती आमटी पडे. मठीत दळणकांडण करणारी ठकूबाई नावाची विधवा होती, तीही याच पंगतीला बसे. तिने कधी कुरकुर केली नाही. महाराज मात्र पाहत होते.

त्या वर्षी खंडोबाचे घट बसले त्या दिवशी महाराज म्हणाले, "या खेपेला बाजार ठकूबाई करील."

त्रिंबकरावांना आधी हसू आलं. "महाराज, ही चिमूटभर मिठासाठी शेजारी जाणारी बाई. गावजेवणाचा अंदाज हिला कसा यायचा?"

ठकूबाईलाही तेच वाटत होतं. ती हात जोडून म्हणाली, "महाराज, मला न्हाई जमायचं. माझ्या चुलीवर एकच भाकर पडती."

महाराज म्हणाले, "बाई, ती भाकरी करताना काय बघतेस?"

"भूक किती हाय ते बघते."

"मग तेवढंच बघ."

ठकूबाई दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरू लागली. काय खायला आवडतं, काय सोसत नाही, कोण आजारी आहे, पाहुणे कोण येणार, हे ती उंबऱ्यावर बसून विचारी. रोडग्याला बाजरी घ्यायची, पण दात पडलेल्या म्हाताऱ्यांना तो चावायचा नाही, म्हणून त्यांना तो कुस्करून खायला गूळ आणि दूध धरायचं. भरताला वांगी मोठी आणि कमी बियांची बघायची. धनगरवाड्यावरची माणसं दिवसभर मेंढरांमागे असतात, त्यांची भूक दुप्पट धरायची. पातीचा कांदा आयत्या वेळी मळ्यातून उपटायचा, नाहीतर कोमेजतो. अशी तिची सगळी जुळणी मनातल्या मनात चालली होती.

त्रिंबकराव चावडीवर बसून सांगत, "अहो, काल ठकी माझ्या दारात आली आणि दात किती शिल्लक आहेत म्हणून विचारू लागली! देवाचं जेवण आहे की वैद्याचा दवाखाना?" लोक हसत. त्रिंबकरावांनी तेव्हाच ठरवलं, की चंपाषष्ठीला आपल्या वाड्यावर वेगळी पंगत मांडायची, बुंदीची. गाव कुणाकडे जेवायला येतं ते महाराजांनाही दिसू दे!

षष्ठीच्या आदल्या दिवशी नदीपलीकडच्या गावी बाजार भरला. ठकूबाई मठीच्या गाडीतून गेली. गाडी हाकायला येसू गाडीवान होता. बाजरीची पोती, वांग्यांच्या पाट्या, लसूण, गूळ, तेल असा बाजार करून ती दिवस कलायच्या आत परत निघाली. त्रिंबकरावांची गाडी पुढे होती. साखर, बेसन, तुपाचे डबे यांनी ती भरली होती आणि कासरा त्यांनी स्वतःच्याच हाती ठेवला होता.

डोंगरात अवेळी पाऊस झाला होता. नदीचं पाणी गढूळ झालं होतं आणि हळूहळू चढत होतं. येसू म्हणाला, "कारभारी, वरच्या उताराने चला. खाली गाळ हाय."

"तू मला नदी दाखवू नकोस," असं म्हणून त्रिंबकरावांनी गाडी जवळच्या उताराने पाण्यात घातली.

मध्यावर गाडीचं चाक रुतलं. बैल गुडघ्यावर आले. त्रिंबकराव खाली उतरून चाकाला रेटा देऊ लागले, तोच त्यांचा पाय मांडीपर्यंत गाळात गेला आणि गाडी कलंडून चाक त्या पायावर टेकलं. पाय निघेना. कमरेला असलेलं पाणी छातीला लागलं. ते ओरडले, "येसू! अरे धाव रे!"

येसू आणि ठकूबाई पाण्यात शिरले. येसूने बैलांच्या वेसणी धरल्या, पण चाकाला टेकायला खाली काही घट्ट नव्हतं. दगड टाकला की गाळ तो गिळून टाकी. ठकूबाईने काठावरच्या आपल्या गाडीकडे पाहिलं. क्षणभर ती थांबली. मग म्हणाली, "येसू, बाजरीची पोती आण."

"अगं, उद्याचं जेवण हाय ते!"

"माणूस बुडतोय. आण म्हणते ना!"

दोघांनी पोती ओढत आणली आणि एकेक करून चाकापुढे गाळात दाबली. बाजरी भिजली, काही पोती फुटली, दाणा पाण्यावर वाहत चालला. येसूने बैलांना हाक दिली. चाक पोत्यावर चढू पाही आणि परत घसरे. पाणी त्रिंबकरावांच्या गळ्याशी आलं होतं. ठकूबाई पुढच्या अंगाला पोतं धरून होती. तिने डोळे मिटले आणि कळवळून हाक मारली, "महाराज, आता माझं बळ सरलं!"

त्याच वेळी त्रिंबकरावांना जाणवलं, की आपल्या मागून कुणीतरी चाकाला खांदा लावला आहे. गाडी मुळापासून उचलावी तशी उचलली गेली. एका हाताने त्यांना काखेत धरून वर ओढलं. पाय सुटला. गाडी पोत्यांवरून पुढे गेली.

काठावर आल्यावर धापा टाकत त्रिंबकराव म्हणाले, "येसू, तुझे उपकार झाले. मागून तू रेटलंस म्हणून..."

येसू म्हणाला, "कारभारी, मी बैलांपाशी हुतो."

ठकूबाई पुढे होती. मागे कुणीच नव्हतं. नदीच्या दोन्ही काठांवर चिटपाखरू नव्हतं.

मठीची गाडी येसूने वरच्या उताराने पार आणली. गाड्या मठीशी आल्या तेव्हा दिवे लागत होते. साखरेचं पाणी झालं होतं आणि बेसनाचा चिखल. ठकूबाई ओट्याशी गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "महाराज, बाजरी नदीत गेली. वांगी तेवढी आणलीत. मला दिलेलं काम मी केलं न्हाई."

"केलंस बाई," महाराज म्हणाले.

ओट्यावर गावातली चार वयस्कर माणसं बसली होती. त्यांतल्या एकाने सांगितलं, "महाराज दुपारपासून इथंच आहेत. मघाशी बोलता बोलता एकाएकी पुढं झुकले, कण्हले, घामाने निथळले. आम्ही घाबरून गेलो होतो."

महाराज पाण्याचा तांब्या घ्यायला वाकले तसं खांद्यावरचं उपरणं सरकलं. उजव्या खांद्यावरची कातडी सोलून निघाली होती आणि जखमेभोवती काळं वंगण लागलं होतं, गाडीच्या आसाला घालतात तसलं.

त्रिंबकरावांनी ते पाहिलं. धन्य ते महाराज, जे टवाळी करणाऱ्याच्या चाकालाही खांदा देतात! त्रिंबकराव पायावर लोळण घ्यायला पुढे झाले, पण महाराजांनी त्यांना हाताने थांबवलं. "पाय सुजलाय तुमचा. वाकू नका. उद्या माणसं जेवायला यायची आहेत, त्यांचं बघा."

त्रिंबकराव ठकूबाईकडे वळले. त्या गावात तिला अहो-जाहो करून कुणी बोललेलं नव्हतं. ते म्हणाले, "ठकूबाई, काय काय लागेल ते तुम्ही सांगा. माझ्या घरची बाजरी आहे. दूध आहे. मी आणतो."

ठकूबाईने थोडा विचार केला. "बाजरी निवडायला चार बाया लागतील," ती म्हणाली, "आन् गोवऱ्या वाळलेल्या बघा. ओल्या असल्या म्हंजी रोडगा धुरकटतो."

दुसऱ्या दिवशी तळी भरली, भंडारा उधळला आणि पंगती बसल्या. वाड्यावर वेगळी पंगत मांडलीच गेली नाही. धनगरवाड्यावरची माणसं पहिल्या पंगतीला बसली. त्रिंबकराव लंगडत लंगडत भरीत वाढत होते. म्हाताऱ्यांच्या पानात रोडगा त्यांनी स्वतः कुस्करून दिला. सगळं गाव जेवलं आणि कुणाच्याही पानाला काही कमी पडलं नाही.

शेवटच्या पंगतीला ठकूबाई बसली. त्रिंबकरावांनी आधी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग ते तिच्या पानासमोर आले. सुजलेल्या पायाने त्यांना नीट वाकता येईना. तरी भिंतीला हात लावून ते खाली बसले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी जमिनीला कपाळ टेकलं.

ठकूबाई ओशाळली. पान हाताने बाजूला सारून तिने शेजारी जागा केली.

"उठा कारभारी, आता बसून घ्या," ती म्हणाली. "भरीत गार व्हतंय."