मोराचा ठसा

त्या वर्षीही सदूनाथ महाराज बोरवंडला, खंडोबाच्या देवळातल्या ओवरीत मुक्कामाला होते. पौषी पौर्णिमेला तिथे देवाचं म्हाळसेशी लग्न लागायचं. देवाचं बाशिंग कोणाच्या हातचं, हे महाराज ठरवत, आणि सात वर्षं ते एकच नाव घेत, "आमच्या मैनेच्या."

ते नाव ऐकलं की मैनेच्या थोरल्या जावेच्या, गिरजेच्या, अंगाचा तिळपापड होई. जावाजावांचा उभा दावा म्हणतात, तो काय उगाच? दोघीही बाशिंगं करणाऱ्या. गिरजेच्या हातातही कला होती, हो! पण सासऱ्यांनी जाताना कामाची खोली आणि मोराचा लाकडी ठसा मैनेला दिला. त्या ठशावर बेगड दाबली की जो मोर उठे, तसा पंचक्रोशीत कोणाकडे उठत नसे. तो मोर गिरजेच्या डोळ्यांत सलत राहिला.

यंदा मैनेच्या काखेत गाठ आली. वैद्यांचं औषध जहाल. गाठ विरू लागली, पण केस पुंजक्यांनी गळाले, तोंड आलं, बोटं बधिर झाली. चिमटीत मणी आहे की पडला, तेही बघून ठरवावं लागे. खोलीतल्या खळीच्या वासानं तर पोटात ढवळून येई. वैद्य म्हणाले, "आधी ही अडगळ काढा."

लग्नाला दोन दिवस उरले असताना गिरजा पदर खोचून मदतीला गेली. मदतीला! ओठांत एक, पोटात एक. मैना भिंतीला टेकून बसली आणि गिरजा एकेक वस्तू पुढे धरू लागली. काळी पडलेली जर, भेंडाच्या किडलेल्या हलक्या कांड्या, उंदरांनी कुरतडलेले पुठ्ठे.

"हे?"

"टाका, जाऊबाई." मैना मध्येच घमेल्यात ओकायची, तोंड पुसायची आणि म्हणायची, "हं, पुढचं."

दारातून बायका येत होत्या. कोणी पेज आणली, कोणी लिंबं. गिरजा मनात जळफळली. बघा, आजारपणातसुद्धा हिचाच थाट! मी धडधाकट, तर मला कुत्रं विचारत नाही!

"डोक्यावर केस नाहीत, आणि देवाला नटवणार म्हणे!" ती हसून म्हणाली.

"यंदाचं एवढं होऊ दे, जाऊबाई. पुढचं वर्ष कोणी पाहिलंय?" मैना म्हणाली आणि तिचा डोळा लागला.

गिरजेनं ठसा चिंधीत गुंडाळला, टोपलीत जरीखाली दडपला आणि बाहेर पडली. दारात महाराज उभे!

"टोपलीत काय गं, गिरजे?"

"अडगळ, महाराज."

"मैनेचं तुला हवंय का?"

गिरजेचा बांध फुटला. "हवंय! सात वर्षं हवंय! माझे हात काय झडलेत?"

"मग असं निवडून घेऊ नये," महाराज शांतपणे म्हणाले. "घे, सगळंच घे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले.

घरी येऊन गिरजेनं ठसा मांडला, मणी उचलला. मणी खाली पडला आणि तिला कळलंच नाही! भाकरीचा घास तोंडात घातला, तर जिभेवर निखारा ठेवल्यागत झालं. डोक्यावरून हात फिरवला, तर मूठभर केस हातात. इतक्यात अंगणापलीकडून हाक आली, "जाऊबाई, माझ्या बोटांत जीव आला हो!" आणि घटकाभरानं रडण्याचा आवाज, "माझा ठसा कुठं गेला?"

गिरजा ठसा उराशी धरून धडपडत ओवरीत गेली. "चुकले, महाराज! हा घ्या."

"ठसा मैनेला दे," महाराज म्हणाले. "आणि दुखणं? तेही परत देऊ?"

गिरजेच्या तोंडून 'हो' निघत होतं. पण बधिर बोटांनी बाशिंग कसं होणार, हे आता तिला कोणी सांगायला नको होतं.

"देवाचं लग्न लागेपर्यंत राहू द्या माझ्याकडे," ती म्हणाली. "तिनं पाच महिने काढलेत."

पौर्णिमेला देवाच्या कपाळी मोर झळकला. डोईला फडकं बांधून गिरजा उभी होती. अक्षता तिच्या मुठीतून कधी सांडल्या, तिला कळलं नाही. ती महाराजांच्या पाया पडायला वाकली, तसे महाराज बाजूला सरले. मागे मैना होती. गिरजा तशीच वाकली आणि तिनं डोकं मैनेच्या पावलांवर टेकलं.

"अहो जाऊबाई, मी धाकटी!" मैना ओरडली.

"असशील," गिरजा रडत म्हणाली. "पण हे एवढं तू एकटीनं सोसत होतीस गं, आणि मी तुझा हेवा करत होते!"