मुद्देमालाची चप्पल

भर बाजारात बांगड्या विकणाऱ्या गोदाक्काच्या डोक्यात चप्पल हाणली, हे बाजार समितीचे सभापती भुजंगराव यांनी कोर्टात हसत हसत कबूल केलं. त्यांचे वकील म्हणाले, "रबरी चप्पल, साहेब. साधं खरचटलंही नाही. समज देऊन सोडावं."

न्यायाधीश विचारात पडले.

गोदाक्का उठली. "सोडा की! फक्त टेबलावरची ती मुद्देमालाची चप्पल यांच्या फेट्यावर क्षणभर ठेवू द्या. मारत नाही, नुसती ठेवते."

भुजंगराव दोन्ही हातांनी फेटा धरून ओरडले, "खबरदार! चारचौघांत माझी अब्रू घेतेस?"

"बघा साहेब," गोदाक्का म्हणाली, "जखम कुठं होते, ते यांना बरोबर ठाऊक आहे."

संध्याकाळी भुजंगराव फेटा सावरत तुरुंगाच्या गाडीत चढले.