एकही तक्रार नको

एका गावात एक भोळा वायरमन होता. नाव सखाहरी. गाव डोंगरांच्या बेचक्यात, मोबाइलला रेंज म्हणून नाही. सगळ्यांचे फोन चालायचे ते कुंदाताईंच्या इंटरनेटवर. ताईंनी घरोघर नेटचा डबा बसवून दिला होता आणि डबा रुसला की त्या सखाहरीला धाडायच्या. माणूस सोन्यासारखा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. खोड होती ती तेवढीच.

पहिल्यांदा नेट गेलं गुरवांच्या घरचं. सखाहरी दुपारभर खांबावर चढून बसला. शेवटी कळलं, गुरवांच्या सुनेने मिक्सर लावायला डब्याचा प्लग काढला होता. ताई म्हणाल्या, "अरे बाबा, आधी प्लग बघायचा." सखाहरीला ते मनापासून पटलं.

मग तक्रार आली धुरपदाआत्यांची. त्यांची वायर खारीने कुरतडली होती आणि तुटकी टोकं दारातच लोंबत होती. सखाहरी त्या टोकांखालून वाकून आत गेला आणि प्लग बघितले. डब्याचा काढून बघितला, फ्रीजचा काढून बघितला, शेजारच्या पिठाच्या गिरणीचाही काढून बघितला. गिरणीवाला दळण अर्धं टाकून त्याच्या मागे धावला. ताईंनी कपाळाला हात लावला. प्लग ठीक असला तर वायर धरून शेवटपर्यंत जायचं आणि तुटलेलं दिसलं की जोडायचं, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सखाहरीने तीही खूणगाठ बांधली.

पुढे एकदा भिकाजी लोहाराने त्याला रस्त्यातच गाठलं. नेट फार हळू चालतंय म्हणाला. आता भिकाजीच्या आईने धूळ बसू नये म्हणून डबा लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, तर नेट बाहेर येणार कुठून? सखाहरीला कपाट दिसलं, पण कपाटाबद्दल ताई काही बोलल्या नव्हत्या. तो वायर धरून निघाला आणि परसात पोचला. तिथे एक तार तुटून लोंबत होती. त्याने नेटची वायर मधोमध कापली आणि ती तार मध्ये घालून पक्की जोडली. तार कपडे वाळत घालायची होती. म्हातारीचं ओलं लुगडंही त्याने मोठ्या मायेने तिच्यावर परत टाकलं. भिकाजीचं हळू चालणारं नेट आता मुळीच चालेना.

या वेळी ताई खरंच चिडल्या. "रस्त्यातल्या बोलण्यावर धावत जाऊ नकोस. तोंडी तक्रार घ्यायचीच नाही, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून आली तरच घ्यायची. आणि तक्रार येते कुठून ते बघ. मुळाशी जा."

बरं म्हणून सखाहरीने मान डोलावली.

पुढे शहरातली एक नेटची कंपनी गावात शिरायला टपली. सरपंच शेवंताबाईंनी ताईंना बजावलं, ग्रामसभेच्या दिवशी तुमच्या नेटची एक जरी तक्रार आली, तरी संध्याकाळच्या सभेत त्या कंपनीला बोलावणार. नेमकं त्याच दिवशी ताईंना तालुक्याला जावं लागलं. निघताना त्यांनी सखाहरीला बोलावलं.

"मशीनवर लक्ष ठेव सखाहरी. आज एकही तक्रार येता कामा नये. नाहीतर माझं दुकान बंद झालं म्हणून समज."

ताईंवर सखाहरीची फार माया. तो ऑफिसातल्या मोठ्या मशीनसमोर मांडी घालून बसला आणि जन्मात केला नव्हता एवढा विचार केला. तक्रार येते ग्रुपवर. ग्रुप चालतो नेटवर. नेट निघतं या मशीनमधून. म्हणजे तक्रारीचं मूळ हेच. मग आधी काय बघायचं? आधी प्लग बघायचा. त्याने प्लग बघितला, आणि काढून ठेवला.

दिवस अगदी शांततेत गेला.

संध्याकाळी ताई परतल्या, तर ऑफिससमोर सगळा गाव गोळा झालेला. पुढे सरपंचबाई, फोन हातात धरून. ताई गर्दीतून वाट काढत आत शिरल्या. सखाहरीने हसत पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ताई, सकाळपासून एकही तक्रार नाही."

"मग ही माणसं कशाला जमलीत?"

"ती होय? ती तक्रार तोंडी सांगत होती. मी घेतलीच नाही. ग्रुपवर लिहा म्हटलं. आता नेट यायची वाट बघत उभी आहेत बिचारी."