दोन पाठींचा बगळा

फार पूर्वी नदीच्या दोन काठांवर दोन रेड्यांचं राज्य होतं. एक बगळा दोघांच्याही पाठीवरचे गोचीड खाऊन मजेत जगायचा. पुढे रेड्यांचं बिनसलं. “पलीकडे गेलास तर माझ्या पाठीवर पाय ठेवायचा नाही,” दोघांनीही दटावलं.

बगळ्याला एकही पाठ सोडवेना. सकाळी तो अलीकडच्याला सांगे, “धनी, मी तिकडे जातो ते फक्त त्याची खबर काढायला.” दुपारी पलीकडच्यालाही हेच सांगे.

उन्हाळ्यात नदी आटून एकच डबकं उरलं. रेडे नाइलाजाने त्यात शेजारी लोळले, आणि बोलता बोलता बगळ्याचा विषय निघाला.

बगळा आला तेव्हा दोन्ही पाठींवर चिखलाचा जाड थर होता.

“धनी, गोचीड?”

“चिखलातच मेले,” एक म्हणाला.

“आणि खबर आता आम्हीच एकमेकांना देतो,” दुसरा म्हणाला.