मैनाला बाद करा

फुलांच्या एका गावात, हारांच्या टोपल्यांशेजारी, मैना नावाची मुलगी पायरीवर बसलेली असायची. बसायला तिला मुळीच आवडत नसे. पण तिच्या पोटात, आतड्यांच्या वेटोळ्यांत, एक हट्टी आजार मुक्कामाला आला होता. तो कधी झोपायचा, कधी जागा होऊन असं पिळायचा की मैनाला हातातलं टाकून परसाकडे धावावं लागे. आई हार विकायची, त्यातून औषध आणायची, उरलं त्यात मऊ भात.

बरं वाटेल तेव्हा हिला खेळू दे, पोटालाही चांगलं आणि मनालाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आईनं मान हलवली होती. पण घरी येईपर्यंत तिच्या लक्षात 'बरं वाटेल तेव्हा' एवढंच राहिलं, आणि लेकीला पुरेसं बरं वाटतंय असं काही तिला वाटेचना. आया अशाच असतात, करणार काय.

मैना फारच मागे लागली तर आळीतल्या मुलींची म्होरकी गोदू तिला लंगडीत घ्यायची. "पण तू कच्चं लिंबू हं," म्हणायची. कच्च्या लिंबानं नुसतं पळायचं. शिवलं तरी ते बाद नाही, म्हणून त्याच्यामागे कुणी लंगडत येतच नाही. मैनाचे कान रागानं तापायचे. पोट दुखलं तर रडता तरी येतं. याचं काय करायचं?

एका संध्याकाळी तिला कुंपणापाशी गुलबक्षीचं इवलंसं रोप दिसलं, खेळणाऱ्यांच्या पायाखाली मोडलेलं. मैनानं त्याला काडीचा टेकू दिला. आईनं चुलीवर उकळून, गार करून दिलेलं स्वतःचं पाणी सगळंच्या सगळं मुळाशी ओतलं. "तुलापण कुणी मोजत नाही वाटतं," ती म्हणाली.

तोच एक गुलाबी कळी टपकन उमलली. आत पिवळ्याधमक परागांच्या उशीला टेकून एक पिटुकली परी बसली होती. तिचे पंख दवाच्या थेंबांसारखे लुकलुकत होते.

"एक इच्छा माग, मैना."

"माझा आजार घेऊन जा."

"तो माझ्या हातातला नाही गं, राणी. हा पहिला नियम."

"मग आईची भीती ने."

"दुसऱ्याचं मन आपण बदलायचं नाही. हा दुसरा."

मैनाच्या नाकाचा शेंडा लालबुंद झाला. "मग परीताई, तुझ्याकडे आहे तरी काय? नुसते नियमच?"

परी चांदीच्या घुंगरांसारखी हसली. तुझं तुझ्यापुरतं काय हवं ते सांग, म्हणाली.

"मला खरं खेळायचंय. सगळ्यांसारखं बाद व्हायचंय."

परीनं तिच्या टाचांना हळूच बोट लावलं. त्यांवर गुलाबी उजेडाचे ठिपके चमचमले. टाचा चमकतील तेव्हा कुणाच्या सांगण्यानं बसून राहायचं नाही, परीनं समजावलं. मंदावल्या तर असशील तिथे थांबायचं आणि लाजायचं नाही. आणि खेळात खोटं बोललीस तर उजेड गेला म्हणून समज.

दुसऱ्या दिवशी मैना पायरीवरून उठली. आईनं 'बस' म्हणायला तोंड उघडलं, लेकीच्या लखलखत्या टाचा पाहिल्या आणि तोंड मिटलं. हारात ओवायचं फूल सुईवर तसंच राहिलं. कधी टाचा मंदावत, मग मैना पोट शेकत पडून राही. पण चमकत्या संध्याकाळी ती पळे, अजून कच्चं लिंबू म्हणून का होईना. पायांत बळ आलं, झोप गाढ लागू लागली, आणि औषध घेताना ती चक्क गुणगुणायला लागली.

मग वरच्या आळीशी सामना ठरला, पायरीसमोरच्याच मैदानात. ऐन डावात टाचा मंदावल्या. मैनानं हात वर केला आणि परसाकडे जाऊन येते, असं मोठ्यानं सांगितलं. वरच्या आळीच्या मुली फिदीफिदी हसल्या.

"हसा खुशाल," मैना म्हणाली. "पोट माझं आहे. मी नाही लाजणार."

ती परतली तेव्हा टाचा पुन्हा चमकत होत्या. डावाची वेळ संपत आली, बाकी सगळ्या बाद झाल्या, ती एकटीच उरली. वरच्या आळीची हौसा लंगडत आली आणि तिनं मैनाच्या पाठीला हात लावला.

"ती कच्चं लिंबू आहे," गोदू ओरडली. "बाद नाही. डाव चालू."

मैना गप्प राहिली असती तर तिची आळी जिंकली असती.

"नाही," ती म्हणाली. "रोज मला नसल्यासारखं खेळवता, आणि आज कच्चं लिंबू म्हणून जिंकता? मला शिवलंय. मी बाद आहे. मला मोजा."

हौसानं वर धरलेला पाय खाली टेकला. "बाद," ती म्हणाली, तेही अगदी आदरानं.

मैनाची आळी हरली. गोदू थोडा वेळ फुरंगटली. पण पुढच्या डावासाठी सगळ्यांना मिसळून नवे गडी निवडायची वेळ आली, तेव्हा ती आणि हौसा दोघी एकदमच म्हणाल्या, "मैना माझ्याकडे."

त्याच वेळी मैनाच्या टाचांवरचा उजेड सुटला. गुलाबी भुरभुरीसारखा गुलबक्षीवर गेला, पिटुकली परी त्यात एकदा हसली आणि लख्खकन विरून गेली. मैनानं खाली पाहिलं. टाचा साध्या होत्या, धुळीनं माखलेल्या. पण पायांना पळायचं होतं, हे तिला आतूनच कळलं.

तिनं पायरीकडे पाहिलं. टाचा विझलेल्या आईलाही दिसल्या होत्या. तिच्या मांडीवरचा हार घसरला, 'बस' अगदी ओठांवर आलं, आणि तरी ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "पळ गं, मैना."

गुलबक्षी अजूनही संध्याकाळीच उमलते, मुलांच्या खेळायच्या वेळेला.