दातांना कोण सांगणार

घाटाच्या माथ्यावर, जिथे व्यापाऱ्यांचे बैल दम खायला थांबत, तिथे एकदा एक वृद्ध सत्पुरुष राहत होते. त्यांची झोपडी लहान होती, पण पुढची पडवी लांबरुंद होती. वाटसरू तिथे पाठ टेकत आणि थंड पाणी पीत. पाणी देण्याचे काम त्यांचा एकुलता एक शिष्य करी.

हा शिष्य फार कमी बोले. सहन करणे हेच त्याने आपले व्रत मानले होते. पायात काटा मोडला तरी तो चेहरा हलू देत नसे. वृद्ध मात्र थोडे थट्टेखोर होते. कुणी नवा माणूस आला की ते शिष्याकडे बोट दाखवून म्हणत, "हा आमचा खांब. खुशाल टेकून बसा, काही बोलायचा नाही." माणसे हसत. शिष्यही हसे. हसताना त्याची नजर खाली जाई, पण तेवढे बारकाईने कोण पाहणार?

एकदा एक तांडा पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या पेंढ्यात शिष्याला कुत्र्याचे एक पिल्लू सापडले. पांढरेशुभ्र आणि एकटेच. आई नाही, भावंडे नाहीत. शिष्याने त्याला शेळीच्या दुधावर वाढवले आणि त्याचे नाव ठेवले कापशा.

कापशा अंगाने भरला तसे त्याचे दातही सुईसारखे झाले. खेळता खेळता तो शिष्याचे बोट धरी, मनगट धरी, चालताना टाच धरी. शिष्याचे हात ओरखड्यांनी भरून गेले. तो हात मागे घेत नसे आणि ओरडतही नसे. हे पिल्लू आपल्या सहनशीलतेची परीक्षा घेत आहे, असे त्याला वाटे. आपण उत्तीर्ण होत आहोत, असेही वाटे.

एक दिवस मिठाचा एक व्यापारी कोकणात उतरण्यासाठी घाटावर आला. बरोबर त्याची लहान नात होती, ठकू. कापशाला पाहताच ती हातातली भाकरी घेऊन धावली. कापशाने भाकरीसकट तिचा तळवा धरला. ठकू रडणार तोच शिष्य घाईने म्हणाला, "ओरडू नको बाळ, घाबरेल तो. थोडं सोस." ती शहाणी मुलगी श्वास रोखून उभी राहिली. कापशाला वाटले, खेळ चालू आहे. त्याने आणखी जोरात दाबले. हात सुटला तेव्हा तळव्यातून रक्त येत होते.

व्यापाऱ्याने नातीला उचलून घेतले. तो ओरडला नाही, पण त्याचा आवाज कठीण झाला होता. "महाराज, इथे पोरंबाळं झोपतात. चावरं कुत्रं इथे ठेवता येणार नाही. मी मीठ भरून परत येईन तेव्हाही हे असंच असलं, तर गोणीत घालून खालच्या रानात सोडून देईन."

खालच्या रानात बिबट्या होता, हे तिघांनाही ठाऊक होते. शिष्याने वृद्धांकडे पाहिले. वृद्ध म्हणाले, "शेटजींचं म्हणणं रास्त आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य पाण्याची घागर घेऊन आला आणि दारातच थबकला. वृद्ध अंगणात मांडी घालून बसले होते. त्यांनी आपला हात कापशापुढे धरला होता. कापशाने तो जोरात चावला. त्याबरोबर वृद्ध बारीक आवाजात, अगदी पिल्लासारखे केकाटले. "कॅंव!" आणि लगेच कापशाकडे पाठ करून, हात मांडीवर ठेवून, ते कुंपणाकडे पाहत बसले.

शिष्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. विंचू चावला तेव्हा याच माणसाने नुसते डोळे मिटले होते.

कापशाही चकित झाला. त्याने मान तिरकी केली, पुढचा पाय उचलला, पुन्हा ठेवला. समोर पाठ होती. पाठीशी कसे खेळणार? थोड्या वेळाने वृद्ध वळले आणि त्यांनी त्याला प्रेमाने बोलावले. या वेळी कापशाने बोट हलकेच धरले. वृद्ध खेळत राहिले. खेळाच्या भरात पुन्हा दात रुतले आणि पुन्हा ते केकाटणे, पुन्हा ती पाठ. एकदा तर आवाजाने कापशाला अधिकच चेव आला. तेव्हा वृद्ध निमूट उठून आत गेले आणि दार लोटून घेतले. बाहेर आले ते जुन्या दाव्याला गाठ मारून. दातांना शिवशिव सुटली की त्यांनी ती गाठ त्याच्यापुढे करावी आणि त्याने ती मनसोक्त चावावी. दमून तो वेड्यावाकड्या उड्या मारू लागला की त्याला टोपलीत नेऊन निजवावे.

शिष्य हे सगळे टक लावून पाहत होता. शेवटी त्याला राहवले नाही.

"बाबा, इतकं दुखतं?"

"छे. विंचवापुढे काहीच नाही."

"मग ओरडता कशाला? आणि चुकतोय तर एक चापट का देत नाही?"

"चापट दिली तर हात वाईट असतो, एवढंच तो शिकेल. मग हात दिसला की आधीच चावेल." वृद्धांनी त्याचे मनगट हातात घेतले. "हे ओरखडे बघ. दर वेळी तू याला काय सांगितलंस?"

"काहीच नाही."

"सांगितलंस की. हे चालतं, असं सांगितलंस. अरे, पिल्लं भावंडांत वाढतात तेव्हा एकमेकांचे कान ओढतात. ज्याला लागलं ते केकाटतं आणि खेळ सोडून जातं. मग दुसऱ्याला एकटं बसावं लागतं. असं करत करत तोंडाला कळतं, किती दाबायचं ते. आपले दात आपल्याला टोचत नाहीत. ते किती तीक्ष्ण आहेत, हे ज्याला लागलं त्यानंच सांगायचं असतं. याला भावंडं नाहीत, आपणच आहोत. आणि तू गप्प राहिलास. त्या पोरीलाही गप्प केलंस."

शिष्य कापशापुढे जाऊन बसला. कापशाने बोट धरले. शिष्याने केकाटायला तोंड उघडले, पण आवाज बाहेर येईना. सवयच नव्हती. जे निघाले ते खोकल्यासारखे होते, आणि कापशाने आनंदाने शेपूट हलवले.

वृद्ध खो खो हसले. "खांबाला कंठ फुटतोय."

शिष्य खाली पाहून हसला आणि पुन्हा प्रयत्न करू लागला.

हळूहळू त्याचा आवाज मोकळा झाला. पाठ फिरवणेही जमू लागले, आणि त्याहून अवघड असे, राग न धरता पुन्हा वळणेही जमू लागले. भाकरीचा तुकडा तो मुठीत धरी. कापशा दात लावी तोवर मूठ मिटलेली राही, जिभेने चाटू लागला की उघडे. कापशाच्या तोंडाला मूठ आणि भाकरी यांतला फरक कळू लागला. तरी मधूनच तो विसरे, आणि मग शिष्याची झोप उडे.

व्यापारी परतला तेव्हा त्याच्या गड्याच्या खांद्यावर रिकामी गोणी होती. ठकू आजोबांच्या मागे लपली. शिष्य तिच्यापुढे उकिडवा बसला.

"त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. "दुखलं तर मोठ्यानं सांगायचं आणि पाठ फिरवायची. हात द्यायचा की नाही, ते तू ठरव."

ठकूने तळव्यावरची खूण पाहिली. मग कापशाकडे पाहिले. "मोठ्यानं म्हणजे कितीही मोठ्यानं?"

"कितीही."

तिने भाकरीचा तुकडा पुढे केला. कापशाने तो ओठांनी अलगद उचलला. सगळ्यांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात, ओळख पटल्याच्या आनंदात, त्याने तिचे बोट तोंडात धरले.

गड्याने गोणी उघडली.

"आई गं!" ठकू ओरडली आणि हाताची घडी घालून तिने झटकन पाठ फिरवली.

कापशाने बोट केव्हाच सोडले होते. तो खाली बसला. मग हळूच पुढे सरकून त्याने तिची टाच चाटली. व्यापाऱ्याने नातीचे बोट उजेडात धरून उलटसुलट पाहिले.

"काही नाही झालं, आजोबा," ठकू म्हणाली. "नुसतं ओलं आहे."

व्यापारी मागे वळला. मग गड्याला म्हणाला, "गुंडाळ ती गोणी. पुढच्या खेपेला मिठाला गोण्या कमी पडतील."

पडवीत सगळे पाणी प्यायला बसले. वृद्ध अतिशय प्रसन्न होते. "याचं श्रेय आमच्या खांबाला, शेटजी. काय केकाटतो म्हणून सांगू! असा केकाटणारा खांब तुम्ही पाहिला नसेल." व्यापारी हसला, गडी हसले.

शिष्य हसला नाही. त्याने तांब्या खाली ठेवला.

"बाबा," तो म्हणाला. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुम्ही खांब म्हणता तेव्हा मला लागतं."

व्यापारी आपल्या वहाणांकडे पाहू लागला. वृद्धांच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर तसेच राहिले, मग विरले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला वाटायचं, तुला गंमत वाटते. तू हसायचास."

"हो."

वृद्धांनी काही सबब सांगितली नाही. ते घोंगडीवर थोडे सरकले आणि त्यांनी शिष्याला शेजारी जागा करून दिली. त्या दिवशी उरलेल्यांना पाणी त्यांनी स्वतः वाढले.

पुढे कित्येक तांडे आले आणि गेले. कापशा मोठा होऊन पडवीची राखण करू लागला. एकदा एका नव्या वाटसरूने पाणी पिता पिता विचारले, "महाराज, हा तरुण कोण?"

वृद्धांनी सवयीने तोंड उघडले. उघडलेले तोंड क्षणभर तसेच राहिले. मग ते हलकेच म्हणाले, "हा मोरेश्वर."